न लिहिलेला नियम

२ नोव्हेंबर २०२५. रात्रीचे बारा वाजून गेले होते आणि सांगलीत फटाके वाजत होते. दिवाळी सरून दहा-बारा दिवस झालेले, त्यामुळे घरोघरी डब्यात उरलेसुरले जे काही होते ते लोकांनी बाहेर काढले होते. नवी मुंबईत भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून एकदिवसीय क्रिकेटचा विश्वचषक जिंकला होता, आणि त्या संघाची उपकर्णधार स्मृती मानधना म्हणजे आमच्या माधवनगरात वाढलेली मुलगी. मी गॅलरीत उभा राहून खालच्या चौकातला जल्लोष बघत होतो. पन्नासेक जण नाचत होते. बँकेत जन्म गेला की मोजण्याची खोड सुटत नाही. मोजले, तर त्यांत मुलगी एकही नव्हती.

तेवढ्यात फोन वाजला. कराडहून ताई. सत्तरीला आलेल्या बहिणीचा फोन अशा अवेळी आला की एरवी काळजात धस्स होते. त्या रात्री झाले नाही. ती का फोन करते आहे, हे मला ठाऊक होते. ती काय म्हणाली ते पुढे सांगतो. आधी साठेक वर्षे मागे जावे लागेल.

आमचे घर सांगलीच्या गावभागात. कृष्णेचा घाट हाकेच्या अंतरावर. ताई माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. आमच्या बोळातले क्रिकेट त्या काळच्या कुठल्याही बोळातल्यासारखेच: भिंतीवर कोळशाने ओढलेल्या तीन रेघा म्हणजे यष्ट्या, एक रबरी चेंडू, आणि बॅट म्हणून आईचे धुण्याचे धोपाटणे. चेंडू माडीवर गेला की आउट, गटारात गेला तर ज्याने मारला त्याने काढायचा. ताईला खेळायला कुणी बोलावले नव्हते. मला सांभाळायला म्हणून ती ओट्यावर बसलेली असे. एकदा चेंडू बोळाच्या पार टोकाला गेला. तिने तो उचलून तिथूनच फेकला, आणि तो टप्पाही न पडता मधल्या रेघेवर येऊन आदळला. पोरे गप्पच झाली. दुसऱ्या दिवसापासून ताई खेळात होती. तसा ठराव कुणी केला नाही; चेंडू लांब गेला की सगळे तिच्याकडे बघू लागले, एवढेच.

तिची फेक हा आमच्या आळीचा अभिमान होता. पण मला आठवते ते तिचे खेळपट्टीवर उभे राहणे. दोन्ही वेण्या वर बांधलेल्या, फ्रॉकचा घेर एका बाजूला खोचलेला, आणि चेंडू हातातून सुटेपर्यंत अजिबात हालचाल नाही. मला शिकवले तिनेच. मी येईल त्या चेंडूवर धोपाटणे फिरवायचो. ती म्हणायची, ‘‘अरे, बाहेरचा चेंडू सोडायचा. ज्याचं आपल्याशी काम नाही, त्याच्या वाटेला जायचं कशाला?’’ मला ते कधी जमले नाही. क्रिकेटमध्ये नाही आणि बाहेरही नाही.

११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. सांगलीतही जमीन हलली. पुढे कितीतरी दिवस लोक घरात झोपायला धजत नव्हते. अंगणात, मैदानात, मिळेल तिथे अंथरुणे पडत. ऐन थंडीत शेकोट्या पेटत. मोठी माणसे भेदरलेली आणि आम्हा पोरांना मात्र पर्वणी. कुणाचे कुणाकडे लक्ष नव्हते. त्या दिवसांत ताई बोळातून बाहेर पडली आणि नदीकाठच्या मळीच्या मोकळ्या जागेत, खरोखरीच्या मैदानात, मुलांबरोबर सकाळ-संध्याकाळ खेळली. भिंती पडतील या भीतीने घराबाहेर आलेल्या माणसांना आणखी एक भिंत पडलेली दिसली नाही. ती बारा वर्षांची होती.

पुढच्या मे महिन्यात वखारभागातल्या पोरांशी सामना ठरला. आमच्याकडे तोवर खरी बॅट आलेली होती. अण्णांनी पुण्याहून ‘मुलासाठी’ आणलेली. मला ती नीट उचलतही नव्हती, वापरायची ताईच. सामन्याच्या आदल्या संध्याकाळी वखारभागाचा कप्तान निरोप घेऊन आला. निरोप म्हणजे एकच वाक्य: ‘‘पोरगी असेल तर आम्ही खेळत नाही.’’ आमच्या कप्तानाने दोन मिनिटे विचार केला. मग तो माझ्याकडे वळला. ‘‘तुझी बहीण आहे. तूच सांग तिला. तिच्या जागी तू खेळ.’’

आणि मी सांगितले. मी दहा वर्षांचाही नव्हतो, अशी सबब आहे. ती मी स्वतःला अनेकदा दिलेली आहे. पण खरे सांगायचे तर मला आनंद झाला होता. मला संघात जागा मिळाली होती. ताई तांदूळ निवडत होती. तिने ऐकून घेतले, ताट बाजूला ठेवले, आतून बॅट आणून माझ्या हातात दिली आणि पुन्हा तांदूळ निवडू लागली. आजी तिथेच होती. ‘‘बरं झालं,’’ ती म्हणाली, ‘‘मोठी झाली आता.’’ त्यानंतर ताई खेळली नाही. भांडण झाले नाही, रडारड झाली नाही, अण्णांनी मनाई केली नाही. अण्णांना तर ती खेळायची थांबली हे कळायलाही दोन-चार महिने गेले असावेत.

आज या सगळ्याचा विचार करताना मला एकच गोष्ट छळते. ‘मुलींनी खेळू नये’ असे त्या वेळी कुठे लिहिलेले होते? सांगलीच्या कुठल्या क्लबाच्या घटनेत, शाळेच्या कुठल्या पुस्तकात? मला तरी असा कागद कधी दिसला नाही. आणि कागद नव्हता म्हणूनच तो नियम इतका पक्का होता. बँकेत आम्ही एक गोष्ट शिकलो: जे परिपत्रकाने आले ते दुसऱ्या परिपत्रकाने रद्द होते. पण ‘आपल्या शाखेत असंच चालतं’ हे कुणाचा बापही रद्द करू शकत नाही, कारण त्याच्यावर सही कुणाची ते सापडत नाही.

यावर अमेरिकेतले उदाहरण सांगण्यासारखे आहे. आपल्याकडे जसे गल्लीगल्लीत क्रिकेट, तसा तिकडे बेसबॉल. १९३९ साली पेनसिल्व्हेनियातल्या विल्यम्सपोर्ट गावी शाळकरी मुलांसाठी ‘लिटल लीग’ सुरू झाली आणि पुढे देशभर पसरली. १९५० साली न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्निंग गावच्या कॅथरीन जॉन्स्टन नावाच्या मुलीने वेण्या कापल्या, टोपी घातली आणि ‘टबी’ असे मुलाचे नाव सांगून ती निवड चाचणीला गेली. निवड झाली. पुढे तिने आपण मुलगी असल्याचे सांगून टाकले, तरी प्रशिक्षकाने तिला ठेवून घेतले. खेळते आहे ना चांगली, मग राहू दे. हे वाचताना मला आमचा बोळ आठवला. लांबून फेकलेला चेंडू नेमका येतो म्हटल्यावर पोरांनीही असेच काहीसे मनात म्हटले असणार. पण पुढच्याच वर्षी लीगने लेखी नियम केला की मुलींना कोणत्याही परिस्थितीत खेळता येणार नाही. त्याला लोक ‘टबीचा नियम’ म्हणू लागले.

गंमत अशी, की त्याच देशात तेव्हा बायकांची व्यावसायिक बेसबॉल लीग चालू होती. दुसऱ्या महायुद्धात पुरुष खेळाडू सैन्यात गेले, मैदाने ओस पडायला लागली, तेव्हा च्युइंगगमचे कारखानदार फिलिप रिगली यांनी १९४३ साली ती काढली. सहाशेहून अधिक मुली तीत खेळल्या. मात्र खेळायचे ते स्कर्ट घालून. बेसबॉलमध्ये धावत येऊन मातीवर घसरत जावे लागते. गुडघे-मांड्या सोलून निघत, पण स्कर्ट सुटला नाही. सुरुवातीला त्यांना नीट चालण्या-बोलण्याचे, नटण्याचेही धडे दिले जात. १९५४ साली ती लीग बंद पडली. गरज सरो नि वैद्य मरो, ही म्हण इंग्रजीत असेल-नसेल, अनुभव तिकडेही तोच.

१९७२ साली न्यू जर्सीतल्या होबोकेन गावी मारिया पेपे नावाची बारा वर्षांची मुलगी लिटल लीगच्या संघातून तीन सामने खेळली. चेंडू टाकायची ती. वरून निरोप आला: मुलगी असेल तर गावाची मान्यताच काढून घेऊ. शब्द बघा. वखारभागाच्या कप्तानाचे तेच वाक्य, फक्त टाइप केलेले! मारियाला थांबावे लागले. पण इथून पुढे तिची आणि ताईची गोष्ट वेगळी होते. नियम लेखी होता, म्हणून त्याच्याविरुद्ध दाद मागता आली. स्त्रियांच्या एका संघटनेने तक्रार नेली. १९७३च्या नोव्हेंबरात सिल्व्हिया प्रेसलर या सुनावणी अधिकारी बाईंनी मुलींच्या बाजूने निर्णय दिला. वरच्या न्यायालयात तो टिकला. आणि १९७४ साली लीगची दारे मुलींना उघडली. तोवर मारिया चौदा वर्षांची झाली होती. त्या वयोगटात तिला खेळता येणार नव्हते. जिने दार ठोठावले, तिला आत जाता आले नाही. त्याच वर्षी लीगने मुलींसाठी वेगळा सॉफ्टबॉलही सुरू केला आणि पुष्कळ मुली तिकडे वळवल्या गेल्या. दार उघडायचे आणि शेजारी दुसरे दार दाखवायचे, ही युक्ती कचेऱ्यांत काम केलेल्या माणसाला नवी नाही.

आपल्याकडे नेमका त्याच सुमारास काळ बदलत होता. १९७३ साली लखनौचे महेंद्रकुमार शर्मा यांनी भारतीय महिला क्रिकेट संघटना स्थापन केली, आणि त्याच वर्षी एप्रिल महिन्यात महिलांची पहिली आंतरराज्य स्पर्धा भरली ती पुण्यात. संघ तीनच: मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. पुण्याहून सांगली काही फार लांब नाही. आमच्या घरी तेव्हा ताईच्या लग्नाची धांदल होती. मे महिन्यातली तारीख धरलेली. रुखवताच्या वस्तू गुंडाळायला रद्दी काढली होती. त्यातल्या एका पानावर त्या स्पर्धेची चार ओळींची बातमी होती. ताईने ती वाचली, मला दाखवली आणि म्हणाली, ‘‘इतक्या जणी खेळतात होय रे?’’ मला वाटले होते की आपण एकटीच, असा त्या प्रश्नाचा अर्थ होता. मग तिने त्याच कागदात पितळेचा डबा गुंडाळला. ती अठरा वर्षांची होती. त्या काळात राष्ट्रीय स्पर्धा खेळणाऱ्या कितीतरी मुली त्याच वयाच्या होत्या.

लग्न होऊन ती कराडला गेली. आणि योगायोग असा, की महिला क्रिकेटला पुढे ज्यांनी हात दिला त्या प्रेमलाकाकी चव्हाण कराडच्याच. पतींच्या निधनानंतर त्या कराडमधून लोकसभेवर निवडून गेल्या, महिला क्रिकेट संघटनेच्या अध्यक्षपदी बसल्या, आणि त्यांच्या काळात त्या कामाला खरे बळ आले. राजकारणाच्या पुस्तकांत त्यांची नोंद खासदार म्हणून आणि एका मुख्यमंत्र्यांच्या मातोश्री म्हणून होते. क्रिकेटची नोंद तळटीपेत. सातारा जिल्हा गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांचा अभिमान बाळगतो, बाळगावाच. १९५२ साली त्यांनी हेलसिंकीहून आणलेले कांस्यपदक हे स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. गोळेश्वर कराडच्याच शेजारी. पण त्याच मुलखातल्या एका साडीतल्या बाईने देशभरच्या मुलींच्या हाती बॅट राहावी म्हणून खटपट केली, हे कराडच्या दहा माणसांना विचारून पाहा. मी विचारले आहे.

त्या काळातल्या मुलींनी काय सोसले, ते आता त्यांच्याच मुलाखतींतून पुष्कळ बाहेर आले आहे. आरक्षण नसलेल्या डब्यातून प्रवास, शाळा-वसतिगृहांच्या फरशीवर झोपणे, सगळ्या संघात मिळून दोन-तीन बॅटी. १९७५ साली ऑस्ट्रेलियाचा पंचविशीच्या आतल्या मुलींचा संघ आला तेव्हा पुणे, दिल्ली, कोलकाता असे तीन सामने झाले आणि भारताचे कर्णधारही तीन: उज्ज्वला निकम, सुधा शाह, श्रीरूपा बोस. १९७६ साली वेस्ट इंडीजविरुद्ध पहिली अधिकृत कसोटी बंगळूरला झाली. त्या मालिकेत शांता रंगास्वामींच्या संघाने पाटण्याला पहिला विजय मिळवला. पुण्याची शुभांगी कुलकर्णी तेव्हा शाळा संपवून नुकती कुठे बाहेर पडलेली. पदार्पणातच तिने डावात पाच बळी घेतले. १९८२ साली न्यूझीलंडच्या विश्वचषकाला जायला खेळाडूंना दहा-दहा हजार रुपये उभे करायला सांगण्यात आले होते. मी तेव्हा बँकेत अधिकारी होतो. ती माझी जवळजवळ सहा महिन्यांची मिळकत. देशासाठी खेळायचे आणि वर तिकिटाचे पैसेही आपणच भरायचे! २००५ साली संघ विश्वचषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत गेला, तेव्हाही सामन्यामागे हजार रुपये मिळत होते. २००६ साली महिला क्रिकेट मुख्य मंडळात आले, आणि त्या वाटाघाटीत संघटनेच्या बाजूने होत्या त्याच शुभांगी कुलकर्णी. २०२२च्या ऑक्टोबरात पुरुषांइतकेच सामना मानधन जाहीर झाले: कसोटीला १५ लाख, एकदिवसीय सामन्याला ६ लाख, टी-ट्वेंटीला ३ लाख.

मी बँकेत होतो तेव्हाचे काही सांगायला हवे. साताऱ्याच्या शाखेत असताना दरवर्षी आमच्या क्रीडास्पर्धा होत. पुरुषांना क्रिकेट, व्हॉलीबॉल, कॅरम. महिला कर्मचाऱ्यांना संगीत खुर्ची आणि लिंबू-चमचा. एका वर्षी आयोजनाची फाइल माझ्याकडे होती. रोखपाल असलेल्या एका बाईंनी विचारले, ‘‘साहेब, आम्हाला क्रिकेट का नाही?’’ मी म्हणालो, ‘‘तशी तरतूद नाही.’’ खोटे होते ते. तरतूद कशाचीच नव्हती. गेल्या वर्षीचा कार्यक्रम मी तारीख बदलून पुन्हा टाइप करायला दिला होता. वखारभागाचा निरोप मी दुसऱ्यांदा पोहोचवत होतो, या वेळी शिक्क्यासह.

आमचा भाग कुस्तीचा, तेव्हा तिचेही एक सांगून टाकतो. १९५४ साली हमीदा बानू ही उत्तरेकडची मल्ल पुरुष पैलवानांना जाहीर आव्हान देत फिरत होती. बडोद्याला तिने बाबा पैलवानाला १ मिनिट ३४ सेकंदांत चीत केले. पुण्यात ठरलेली तिची कुस्ती मात्र कुस्तीगिरांच्या संघटनेने हरकत घेतल्यामुळे रद्द झाली. त्यानंतर जवळजवळ सत्तर वर्षांनी, मार्च २०२३ मध्ये, पहिली महिला महाराष्ट्र केसरी सांगलीत झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने ती जिंकली. सत्तर वर्षे. आमच्या लाल मातीला एवढा वेळ लागला.

आता स्मृतीकडे येतो. तिचे वडील आणि भाऊ दोघेही क्रिकेट खेळणारे. भाऊ सरावाला निघाला की ती त्याच्यामागून जायची; त्याचे नाव वर्तमानपत्रात छापून आले की आपलेही यावे असे तिला वाटायचे. हात उजवा, पण फलंदाजी डावखुरी, भावासारखी. नवव्या वर्षी महाराष्ट्राच्या पंधरा वर्षांखालच्या संघात, अकराव्या वर्षी एकोणीस वर्षांखालच्या. २०१३च्या ऑक्टोबरात बडोद्याला गुजरातविरुद्ध तिने नाबाद २२४ धावा काढल्या. एकदिवसीय सामन्यात द्विशतक करणारी ती पहिली भारतीय महिला. हे सगळे सांगलीत राहून, इथल्या चिंतामणराव महाविद्यालयात शिकत. तिचे कौतुक करणारे पुष्कळ आहेत, मी आणखी काय करणार? मी बघतो तिच्या भावाकडे. भावाच्या मागून आलेल्या बहिणीला त्या घरात कुणी परत पाठवले नाही. आमच्या घरात बहिणीच्या मागून भाऊ आला आणि तिची बॅट घेऊन गेला. गाव एकच, नदी एकच. मध्ये गेली ती चाळीस वर्षे.

म्हणून ‘पहिली मुलगी’, ‘पहिली महिला’ असे मथळे आले की मला जरा अवघडल्यासारखे होते. त्यात चूक काही नाही. माण तालुक्यातल्या मोही या दुष्काळी गावची ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकच्या स्टीपलचेसमध्ये अंतिम फेरीत धावली. सातारा जिल्ह्यातली अदिती स्वामी २०२३ साली बर्लिनमध्ये वयाच्या सतराव्या वर्षी तिरंदाजीत जगज्जेती झाली. या पहिल्याच. पण मथळा वाचून असे वाटते की तिच्याआधी कुणाला जमलेच नाही. जमणाऱ्या पुष्कळ होत्या. त्यांना तांदूळ निवडायला बसवले.

आमच्याकडे आता सत्काराची लाट आहे. शाल, श्रीफळ, चौकाचौकात फलक, फलकावर खेळाडूचा फोटो अंगठ्याएवढा आणि शुभेच्छुकांचे हाताएवढे. त्याला माझी हरकत नाही. हौसेला मोल नसते. पण एखाद्या संध्याकाळी साडेसहा वाजता सांगलीच्या किंवा साताऱ्याच्या कुठल्याही सार्वजनिक मैदानावर जाऊन उभे राहा आणि मोजा. क्रिकेट खेळणारी मुले किती आणि मुली किती. अकादमीत फी भरून जाणाऱ्या सोडून द्या. त्यांचे आई-वडील त्यांना गाडीवरून सोडायला येतात. नुसत्याच, सहज, चप्पल काढून ठेवून खेळणाऱ्या किती? मी गेले काही महिने फिरायला जाताना मोजतो आहे. कधी दोन, कधी चार, बहुतेक वेळा भोपळा. मैदानाच्या फाटकावर मनाईची पाटी नाही. पाटी असती तर निदान तिच्याखाली उपोषणाला बसता आले असते.

पाटी नसलेल्या ठिकाणी उलट पाटी लावावी लागते, असे मला वाटू लागले आहे. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी हे मैदान मुलींचे, असे नगरपालिकेने लिहून लावावे. लोक म्हणतील, मुली येतच नाहीत, मैदान रिकामे राहील. राहू द्या ना महिनाभर रिकामे! मैदानाला लागून स्वच्छतागृह असावे, ज्याचे कुलूप चौकीदाराच्या नव्हे, मुलींच्या सोयीने उघडेल. दिवे रात्री आठपर्यंत चालू राहावेत. यातल्या एकाही गोष्टीला शाल लागत नाही. एका नगरसेवकाला हे मी बोलून दाखवले. तो भला माणूस आहे. म्हणाला, ‘‘काका, कल्पना छान आहे, पण तशी तरतूद नाही.’’ मला हसू आले. त्याला कारण कळले नाही.

तर, त्या रात्रीचा फोन. ताईने सामना शेवटपर्यंत बघितला होता. सून आणि नात झोपायला गेल्या तरी ही एकटी बसून होती. पाच-सात मिनिटे ती सामन्याबद्दलच बोलत राहिली: झेल कुणी कसा घेतला, सीमेवरून फेक कशी आली. फेकीबद्दल जास्त. मग थोडी थांबली आणि अगदी सहज, भाजीचा भाव विचारावा तशी म्हणाली, ‘‘काय रे, त्या वखारभागाच्या मॅचमध्ये तू किती केलेस?’’

सत्तावन्न वर्षांत तिने हे कधी विचारले नव्हते आणि मी कधी सांगितले नव्हते. त्या दिवशी घरी येऊन मी बॅट कोनाड्यात ठेवली होती आणि जेवून झोपलो होतो.

‘‘शून्य,’’ मी म्हणालो. ‘‘पहिल्याच चेंडूवर.’’

‘‘ठाऊक आहे,’’ ताई म्हणाली. ‘‘मी मळीवर आले होते. चिंचेच्या झाडामागं उभी होते. बाहेरचा चेंडू होता रे तो. सोडायचा.’’